परकीय द्रव्य

नमुना क्रमांक एकशे सतरा.
मांडवीच्या वखारीतून आलेला, गुळवेल म्हणून.
गोणीची सुतळी सोडताना दामजीशेठचा माणूस म्हणाला होता,
माल एक नंबर, मॅडम, डोळे झाकून घ्या.

डोळे झाकायचे नाहीत, याचाच पगार मिळतो मला.
पांढऱ्या ट्रेवर अर्धा किलो पसरायचं,
चिमट्यानं एकेक तुकडा उलटायचा,
जे गुळवेल नाही ते बाजूला.
सुतळीचे धागे. खडे. एक मेलेला मुंगळा.
भलत्याच कुठल्या वेलीची दोन पेरं,
आडवा छेद घेतला तर ना चाक, ना चाकाचे आरे.
आणि हिरव्या बांगडीचा तुकडा, नखाएवढा.
सगळ्याचं वजन एकत्र.
एक पूर्णांक नऊ दशांश टक्के.
दोनपर्यंत चालतं.
नमुना पास.

मग राख.
मुशीत जाळायचं, थंड करायचं, तोलायचं,
परत जाळायचं, वजन हलेनासं होईपर्यंत.
वडलांच्या वेळी चंदनवाडीत
कुणी तोलली नव्हती.

मागच्या वर्षी अशोकाची साल होती.
सात व्यापारी, सात पुड्या,
पाचांत निघाली ती
सोसायटीच्या भिंतीलगतच्या उंच, सरळ, शिस्तीच्या झाडाची
ज्याला या शहरात सगळे अशोकच म्हणतात.
कुणी फसवलं असंही म्हणता येईना.
मागितला अशोक, दिला अशोक.
नाव एक, झाडं दोन,
आणि मधे कुणीतरी बाई
महिनोन्महिने काढा उकळत बसलेली.

प्रमाण नमुना हवा म्हणून आरेत गेले, पाड्यावर.
प्रमाण म्हणजे ज्याच्यासमोर बाकीच्यांना उभं करायचं.
पारूबाय पागी पुढे, कमरेला कोयता,
मागे मी, फॉर्म घेऊन.
स्थानिक नाव? तिनं तीन सांगितली. रकाना एकाचा.
उपयुक्त भाग?
तिनं अशी बघितलं माझ्याकडे
जणू मी विचारलं होतं,
तुझ्या पोराचा कुठला भाग कामाचा.
लिंबावर चढलेली वेल, अंगठ्याएवढी जाड.
मी म्हटलं, ही काप.
ती म्हणाली, कोनाला काय झालाय?
कुणालाच काही नाही.
मग कशाला कापायची?

मी बरंच बोलले. भेसळ, मानकं,
देशभर एकच माप असण्याची गरज.
माझा घसा सुकला तेव्हा तिनं पाणी दिलं.
म्हणाली, उद्या ये.
आज सांगून ठेवते तिला.

फॉर्मवर संकलनाची तारीख एकच लिहिता येते,
मी दुसरी लिहिली.
कोयता उचलण्याआधी तिनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या.
हिरव्या होत्या.
हिरव्या पुष्कळांच्या असतात.

वर्तमानपत्रांच्या घडीत दाबली, पट्टे आवळले.
पानं वाळली मुकाट,
शेअर बाजाराचे आकडे अंगावर उमटवून घेत.
खोड नाही वाळलं.
अकराव्या दिवशी प्रेस उघडली तर पेरापाशी कोंब,
फिकट, दोन बोटं लांब,
कागदाच्या कडेकडेनं उजेडाकडे निघालेला.
नाडकर्णीबाई म्हणाल्या, फेका तो, दुसरा आणा.

दुसऱ्यासाठी पुन्हा कुणीतरी सांगून ठेवायला हवं.

जिन्यामागे मातीचा तुकडा आहे, तिथे नेऊन खोचला.
आधाराला झाड एकच: तेच, उंच, सरळ, शिस्तीचं.
आता वेल दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी आलीय.
लिंबावरची उत्तम, असं लिहिलेलं आहे.
या झाडावरची कशी, त्याला रकाना नाही.

परवा वॉचमन रामदुलार वर आला, टोपी हातात.
पोरीला तीन दिवस ताप आहे, डॉक्टरची गोळी चालू आहे,
तरी एक काडी घेऊ का, मॅडम?

मी म्हटलं, उद्या.